नव्या सापासाठीचा तयार संच: काय कामाचे, काय बदलावे लागते

इंग्लंडमध्ये पाळण्यासाठी पहिला साप घेणारे बरेच जण कॉर्न स्नेकचे पिल्लू निवडतात, आणि पिल्लाच्या जोडीला दुकानदार सहसा एक तयार संच पुढे करतो. रेडिंगमध्ये आम्ही आमच्या मुलीच्या हट्टापायी जो संच घेतला, त्यात साठ सेंटिमीटर लांबीची, पुढून उघडणारी काचेची पेटी, पेटीखाली चिकटवायची हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई), तिची उष्णता आवाक्यात ठेवणारा साधा थर्मोस्टॅट, तापमान आणि आर्द्रतेचे तबकडीचे दोन मापक, अॅस्पेन लाकडाच्या भुशाची पिशवी, लपण्यासाठी प्लास्टिकची एक गुहा, पाण्याचे भांडे, एक खोटे झुडूप आणि चार पानांचे माहितीपत्रक एवढ्या वस्तू होत्या. थोड्याफार फरकाने याच वस्तू वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांतून विकल्या जातात, त्यामुळे कंपनीबद्दल न लिहिता वस्तूंबद्दल लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते. हे परीक्षण मी एकाच कसोटीवर केले आहे: नव्या घरी आलेल्या पिल्लाला पहिले काही आठवडे कोणीही हात न लावता, उबेत आणि आडोशाला राहता यावे, यासाठी हा संच कितपत पुरतो? साप पुढे हाताळू देईल की नाही, हे माझ्या मते बरेचसे या आठवड्यांतच ठरते.

ही कसोटी का, ते समजण्यासाठी प्राण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७६६ मध्येच त्याचे शास्त्रीय वर्णन केले होते. आपली धामण ज्या कुळातली, त्याच कुळातला हा साप, पण धामणीपेक्षा बराच लहान आणि स्वभावाने पुष्कळ सौम्य. अंड्यातून निघालेले पिल्लू वीतभराहून थोडे मोठे असते, पूर्ण वाढलेला साप साधारण सव्वा मीटरचा होतो आणि नीट सांभाळल्यास पंधरा ते वीस वर्षे जगतो. तो उंदरांच्या बिळांत, झाडांच्या सालींखाली, पडक्या लाकडांच्या सांदीत दिवस काढतो आणि संधिप्रकाशात किंवा रात्री हिंडतो. ससाणे, कोल्हे, रॅकून आणि इतर साप असे अनेक प्राणी त्याच्या पिल्लांना खातात. त्यामुळे अंगाला सगळीकडून काहीतरी टेकलेले असणे हीच त्याची सुरक्षिततेची खूण असते, आणि मोकळ्या, उजेडाच्या, काचेच्या पेटीत त्याला नेमके तेच मिळत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक खुलासा येथेच करते. धामण, अजगर, नाग यांसारखे आपल्याकडचे साप घरात पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा हे परीक्षण वाचून कोणी शेतातले पिल्लू काचपेटीत ठेवू नये. येथे जे साप विकले जातात ते पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात पैदास झालेले असतात. इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो आणि सोळा वर्षांखालील मुलाला प्राणी विकता येत नाही. आमच्याकडेही साप मुलीचा असला तरी नावावर माझ्याच आहे, आणि जबाबदारीही.

संचातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे थर्मोस्टॅट. तो दिसायला अगदी क्षुल्लक असतो: एक चकती, एक दिवा आणि टोकाला संवेदक असलेली लांब वायर. तरीही माझ्या मते संचाची निम्मी किंमत त्याच्यासाठीच द्यावी. सापाच्या शरीरात स्वतःची पुरेशी उष्णता तयार होत नाही. गिळलेला उंदीर पचवण्यासाठी त्याला बाहेरून ऊब मिळावी लागते, आणि ती मिळाली नाही तर अन्न पोटात पचण्याऐवजी सडू लागते आणि साप ते ओकून टाकतो. दुसऱ्या बाजूने पाहता, नियंत्रण नसलेली हीट मॅट सहज चाळीस अंशांपलीकडे जाते. पोटाखालून येणाऱ्या उष्णतेपासून साप वेळेवर दूर होईल असे गृहीत धरता येत नाही; पोट भाजेपर्यंत तो तेथेच पडून राहिल्याची उदाहरणे पशुवैद्यांना नवीन नाहीत. म्हणून थर्मोस्टॅट नसलेला स्वस्त संच कोणी देऊ केला, तर तो घेऊच नये.

आमच्या संचातील थर्मोस्टॅट ‘चालू-बंद’ प्रकारचा आहे, म्हणजे ठरवलेले तापमान गाठले की तो वीज तोडतो आणि तापमान उतरले की पुन्हा जोडतो. हीट मॅटसाठी एवढे पुरेसे असते. वीज कमी-जास्त करणारे महागडे प्रकार दिव्यांसाठी लागतात. उबदार बाजूच्या तळाला तीस ते बत्तीस अंश आणि थंड बाजूला बावीस-चोवीस अंश मिळाले की सापाला हवे तेव्हा हवे तेथे जाता येते. यासाठी मॅट पेटीच्या तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखालीच असावी, आणि या संचातील मॅटचे माप त्या दृष्टीने योग्य निघाले.

माहितीपत्रक मात्र संवेदक कोठे ठेवावा याबद्दल एका वाक्यात गुंडाळून मोकळे होते, आणि खरी मेख तेथेच आहे. चित्रात संवेदक भुशावर ठेवलेला दाखवला आहे. पिल्लू भुसा उकरून थेट काचेवर जाऊन बसते, तेव्हा भुशाच्या वरच्या थराचे तापमान तीस अंश असताना खाली काच कितीतरी अधिक तापलेली असू शकते. शिवाय सापाने संवेदक ढकलून बाजूला सारला, तर थर्मोस्टॅटला वाटते की पेटी थंड आहे, आणि मॅट तापतच राहते. तो पेटीच्या आत चिकटपट्टीने पक्का करावा असा मोह होतो, पण सुटलेली चिकटपट्टी सापाच्या खवल्यांना चिकटली की ती सोडवताना कातडी सोलली जाते, म्हणून पेटीच्या आत चिकटपट्टी वापरूच नये. आम्ही संवेदक बाहेरून, मॅट आणि काच यांच्या मध्ये बसवला आणि आतल्या काचेचे तापमान वेगळ्या डिजिटल थर्मामीटरने मोजत चकती हळूहळू लावून घेतली. हे सगळे पेटी रिकामी असताना, साप आणण्याच्या निदान दोन-तीन दिवस आधी करावे. संच आणि साप एकाच दिवशी घरी नेण्याची दुकानाची पद्धत सोयीची असली, तरी तिच्यामुळे पिल्लाची पहिली रात्र आपल्या चाचण्यांमध्ये जाते.

तबकडीच्या मापकांविषयी चांगले लिहिण्यासारखे काही नाही. ते काचेच्या मागच्या भिंतीवर, तळापासून बरेच वर चिकटवायचे असतात, आणि तेथील हवेचे तापमान साप जेथे पडून असतो त्या जागेविषयी काहीही सांगत नाही. ते काढून ठेवावेत आणि वायरीच्या टोकाला संवेदक असलेले दोन डिजिटल थर्मामीटर वेगळे घ्यावेत. खर्च फार नाही. आर्द्रतेच्या मापकाचेही तेच. कॉर्न स्नेकला चाळीस ते साठ टक्के आर्द्रता मानवते, आणि इंग्लंडमधील घरांत ती हिवाळ्यातील हीटिंगचे दिवस सोडले तर विशेष काही न करता मिळते.

लपण्याची जागा एकच देणे हा या संचाचा सर्वांत मोठा दोष आहे. गुहा एकच असली की ती उबदार बाजूला ठेवावी की थंड, असा प्रश्न पडतो, आणि साप सुरक्षितता व तापमान यांपैकी एकाचीच निवड करू शकतो. घाबरलेले पिल्लू नेहमी सुरक्षितता निवडते आणि मग न पचलेल्या अन्नाचा दोष उंदराला दिला जातो. दोन्ही टोकांना एकेक गुहा हवीच. संचातील गुहा मोठ्या सापाच्या मापाची होती. पिल्लाला तिच्यात अंग कोठेच टेकत नव्हते. त्याऐवजी टॉयलेट रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या चपट्या करून दोन्ही बाजूंना ठेवल्या, तर पिल्लू पहिले कित्येक दिवस त्यांतच राहते. मधल्या मोकळ्या जागेत खोटी पाने, पुठ्ठ्याचे तुकडे, सालीचे तुकडे असे काही ना काही पसरून ठेवावे, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना त्याला उघड्यावरून जावे लागत नाही. पेटीच्या मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून गडद कागद लावल्यानेही मोठा फरक पडतो. पेटी रिकामी-रिकामी दिसली तर पाहुण्यांना साप छान दिसतो, एवढाच तिचा फायदा.

अॅस्पेनचा भुसा उत्तम आहे: कोरडा, धूळ कमी, आणि त्यात बोगदे टिकून राहतात. देवदाराचा किंवा इतर सुवासिक लाकडाचा भुसा सरीसृपांना घातक असतो, त्यामुळे संचातील पिशवी संपल्यावर स्वस्त मिळतो म्हणून सशांसाठीचा कोणताही भुसा आणू नये. पाण्याचे भांडे जड आहे आणि उलटत नाही. झुडूप निरुपद्रवी आहे.

माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिले आहे की साप घरी आणल्यावर सात दिवस थांबावे आणि मग हाताळायला सुरुवात करावी. सात दिवस थांबण्याचा सल्ला योग्यच आहे, पण दिनदर्शिकेपेक्षा सापाचे जेवण हे अधिक भरवशाचे माप आहे. घाबरलेला साप खात नाही. आठवड्याने पहिला उंदीर द्यावा. तो त्याने घेतला, पचवला, विष्ठा टाकली, पुढच्या आठवड्यात पुन्हा खाल्ले, म्हणजे त्या जागेला तो आपली मानू लागला आहे असे समजायला हरकत नाही. निदान दोन-तीन जेवणे सुरळीत झाल्याशिवाय हाताळणी सुरू करू नये, असे अनुभवी पाळणारे सांगतात आणि मला ते पटते. या काळात रोज पाणी बदलणे, घाण दिसल्यास चमच्याने उचलणे आणि थर्मामीटरवर नजर टाकणे, एवढ्यापुरताच हात आत जावा. मुलांना ही प्रतीक्षा फार जड जाते. आमच्या मुलीने संध्याकाळी दिवे मंद करून पेटीसमोर पुस्तक वाचत बसण्याचा मार्ग स्वतःच काढला. साप बाहेर येतो तो त्याच वेळी, आणि समोर हालचाल न करणारे माणूस असणे हेही त्याच्या सवयीचे होत जाते.

खाण्याविषयी पत्रकातील एक सल्ला मला जुनाट वाटतो: जेवणासाठी सापाला दुसऱ्या डब्यात न्यावे, नाहीतर तो पेटीत येणारा प्रत्येक हात भक्ष्य समजेल. व्यवहारात, पोट भरलेल्या सापाला उचलून पुन्हा पेटीत ठेवणे हेच अन्न ओकण्याचे निमित्त ठरू शकते, म्हणून त्याला पेटीतच, लांब चिमट्याने भरवणे बरे. भक्ष्य म्हणजे गोठवलेले, आधीच मेलेले उंदराचे पिल्लू, ज्याला येथे ‘पिंकी’ म्हणतात. ते सापाच्या सर्वांत जाड भागाइतके किंवा फार तर दीडपट असावे. ते फ्रिजमध्ये वितळवून, पिशवीत बंद करून कोमट पाण्यात गरम करायचे. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही, कारण ते बाहेरून थंड आणि आतून पोळणारे होते किंवा फुटते. लहान पिल्लाला पाच ते सात दिवसांतून एकदा एवढे पुरते. साबुदाणा आणि मटार ज्या फ्रीजरमध्ये असतात त्यातच उंदरांची पिशवी ठेवण्यावरून आमच्या घरी पुष्कळ चर्चा झाली, आणि शेवटी गॅरेजमध्ये छोटा फ्रीजर आला. शाकाहारी घराने हा खर्च संचाच्या किमतीत आधीच धरावा. सासूबाईंनी पुण्याहून फोनवर विचारले, “दूध देतेस का गं त्याला?” साप दूध पीत नाही, हे नागपंचमीच्या देशात अजूनही दरवर्षी सांगावे लागते; त्याला लागते ते स्वच्छ पाणी.

आता हाताळणी. या संचाची दुसरी जमेची बाजू येथे दिसते, ती म्हणजे पुढून उघडणारे दार. सापाच्या पिल्लावर झडप घालणारे शत्रू बहुधा वरून येतात, आणि वरचे झाकण काढून आत उतरणारा हात त्याला तसाच भासतो. पुढच्या दारातून, तळाच्या पातळीवरून, बाजूने येणाऱ्या हाताला पिल्लू पुष्कळ कमी बिचकते. हात आधी साबणाने धुवावेत, कारण उंदराचा वास असलेल्या बोटांना साप चावला तर त्यात त्याचा काही दोष नाही. हाताळल्यानंतरही धुवावेत, कारण निरोगी सरीसृपांच्या अंगावरही पोटाचा आजार करणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालील मुलांना साप हातात देऊ नये, याचे कारण हेच.

डोक्याजवळ किंवा शेपटीला न धरता, शरीराच्या मध्याखाली बोटे सरकवून त्याला उचलावे आणि दुसरा हात लगेच आधाराला द्यावा. आवळून धरू नये. तो एका हातावरून दुसऱ्या हातावर सरकत राहील, आणि आपण फक्त पुढचा हात त्याच्यासमोर आणत राहायचे. जमिनीवर किंवा पलंगावर बसूनच हे करावे, म्हणजे निसटला तरी पडून लागणार नाही. पहिल्या वेळी पाच मिनिटे भरपूर झाली. तो शांत असताना आणि आपण ठरवल्यावरच त्याला परत ठेवावे. जेवणानंतर अठ्ठेचाळीस तास त्याला हात लावू नये. डोळे दुधाळ निळसर झाले की तो कात टाकण्याच्या तयारीत आहे आणि त्याला नीट दिसत नाही. कात एकसंध पडेपर्यंत त्याला एकटे सोडावे, आणि पडलेल्या कातीत डोळ्यांवरचे गोल पापुद्रे व शेपटीचे टोक निघाले आहे ना, ते पाहून घ्यावे.

पिल्लाचा राग ओळखणे अवघड नसते. शेपटीचे टोक थरथरवणे, मान इंग्रजी ‘एस’सारखी मागे घेणे, उग्र वासाचा द्रव सोडणे, ही त्याची भाषा आहे. एवढे करूनही चावलाच, तर त्या वयातले दात बोटाला जेमतेम जाणवतात. त्या क्षणी दचकून त्याला सोडून दिले की ही युक्ती उपयोगी पडते असे तो शिकतो, म्हणून हात स्थिर ठेवून, तो निवळल्यावर परत ठेवणे चांगले. उलट जीभ सावकाश लवलवत, अंग सैल ठेवून तो मनगटाभोवती फिरू लागला, तर तो परिसर हुंगत आहे. जिभेवर गोळा झालेले गंधकण टाळूतील जेकबसनच्या इंद्रियाकडे जातात आणि माणसाचा वास त्याच्या ओळखीचा होतो. सापाला माणसाचा लळा लागतो असे मी म्हणणार नाही. तो माणसाला धोका मानणे सोडतो, आणि तेवढ्यावर त्याच्याशी छान जमते. काही संचांत साप उचलण्याचा लोखंडी आकडा दिलेला असतो. कॉर्न स्नेकच्या पिल्लासाठी त्याची गरज नाही, आणि सर्पमित्रांच्या हातातील काठी पाहून वाढलेल्या आपल्या मुलांना तर त्याचा मोह आधीच फार असतो.

दाराच्या कुलपाबद्दल मात्र संच निष्काळजी आहे. सरकत्या काचांच्या मधल्या फटीतून पेन्सिलीएवढे पिल्लू सहज जाते, आणि या जातीची पळून जाण्यातली हुशारी प्रसिद्ध आहे. काचांच्या मधे बसणारी प्लास्टिकची पट्टी आणि पाचर मारायचे छोटे कुलूप दोन्ही वेगळे घ्यावे लागले. मागच्या जाळीतील वायरींची भोकेही तपासून बुजवावीत.

पेटीच्या आकाराविषयी दुकानात सांगितले गेले की ती “प्रौढ सापालाही चालेल”. सव्वा मीटरचा साप साठ सेंटिमीटरच्या पेटीत सरळ पसरू शकत नाही, आणि निदान अंग पूर्ण लांबवता येईल एवढी जागा हवी असा आग्रह आता जाणकार धरतात. तेव्हा साधारण दोन वर्षांनी १२० सेंटिमीटर लांबीची पेटी घ्यावी लागेल, असे गृहीत धरूनच हा संच घ्यावा. मंद यूव्हीबी दिवाही (सूर्यप्रकाशातल्यासारखे अतिनील किरण देणारा) संचात नाही. पूर्वी सापांना तो अनावश्यक मानला जाई, पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पशुवैद्यकीय अभ्यासात यूव्हीबी मिळालेल्या कॉर्न स्नेकच्या रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्व वाढलेले आढळले, आणि तेव्हापासून मत बदलत गेले आहे. लहान पेटीत तो लावण्याची घाई नको, मोठ्या पेटीत मात्र त्याची सोय करावी.

आपल्यासारख्यांना पडणारा एक प्रश्न पत्रकात नाही: सुट्टीत तीन आठवडे भारतात गेल्यावर सापाचे काय? प्रौढ, निरोगी कॉर्न स्नेक एवढा काळ न खाता आरामात राहतो. पिल्लासाठी मात्र साप पाळणारा ओळखीचा माणूस शोधावा किंवा सरीसृप सांभाळणाऱ्या केंद्रात जागा घ्यावी. प्रौढ सापासाठी शेजाऱ्यांनी एक दिवसाआड पाणी बदलावे आणि दोन्ही थर्मामीटरवरील आकडे फोटो काढून पाठवावेत, एवढे पुरते. त्यांना दार उघडायला आणि पुन्हा पाचर मारायला जाण्यापूर्वी शिकवून ठेवावे, आणि मॅटचा प्लग ज्या बोर्डावर आहे त्यावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी लावावी.